नर्सिंगमध्ये पीएचडी: नोकरी सोडून, नोकरी सांभाळून, की डीएनपी?

एमएस्सी होऊन पुण्यातल्या कॉलेजात चार-पाच वर्षं ट्यूटरकी केली की स्टाफरूममध्ये विचारणा सुरू होते, "मॅडम, पीएचडी कधी?" माझ्या मते आधी ठरवायचं ते 'कशी': नोकरी सोडून पूर्णवेळ, नोकरी सांभाळून पार्टटाइम, की परदेशातली डीएनपी, म्हणजे डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस.

पूर्णवेळ आणि पार्टटाइमला यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2022 चे मुदतीचे नियम एकच: किमान 3 वर्षं, कमाल 6, कोर्सवर्क (संशोधनासोबतचा वर्गातला अभ्यास) किमान 12 क्रेडिटचं. बायकांना मुदत आणखी वाढवून मिळते, शिवाय बाळंतपण-बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा. पूर्णवेळात पगार थांबतो. घराचा हप्ता चालू असेल तर विषय तिथेच संपला.

पार्टटाइमला नोकरीच्या ठिकाणची एनओसी (ना-हरकत पत्र) लागते. कोर्सवर्कसाठी गरज पडल्यास ड्युटीतून मोकळं करू, हेही त्यात यावं लागतं. माझ्या एनओसीत ते होतं. ड्युटी लिस्टमध्ये मात्र कधीच उतरलं नाही, म्हणून तारखा आधीच लेखी मागून घ्या.

नोकरी करत असलं की डेटा आपल्याच वॉर्डात मिळेल, असं वाटतं. मलाही वाटलं होतं. पायलटच्या (छोट्या चाचणी अभ्यासाच्या) वेळी एका आजीनं संमतीपत्रावर अंगठा उठवला आणि हळूच विचारलं, "सिस्टर, नाही म्हटलं असतं तर इंजेक्शन उशिरा दिलं असतंत का?" युनिफॉर्ममधल्या सिस्टरला पेशंट नाही म्हणू शकत नाही. मी पुन्हा एथिक्स कमिटीकडे गेले आणि दुसऱ्या हॉस्पिटलात, साध्या साडीत डेटा घेतला. आठ महिने जास्त गेले. तरीही पगार चालू ठेवायचा असेल तर मी पार्टटाइमच सुचवेन.

डीएनपीचा रस्ताच वेगळा. अमेरिकेतल्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेनं 2004 मध्ये तिला पाठिंबा दिला. भर संशोधनावर नाही, प्रत्यक्ष सेवेवर. बीएस्सीनंतरचे ठरावीक तास प्रॅक्टिस आणि शेवटी सेवेतल्या सुधारणेचा एखादा प्रकल्प. तिकडेच नर्स प्रॅक्टिशनर (पेशंट तपासून उपचार ठरवणारी नर्स) व्हायचं असेल तर उत्तम. परत येऊन इथे शिकवायचं असेल तर समकक्षतेचं (ती पदवी इथे पीएचडीच्या बरोबरीची धरतात का ते) आधी विचारा, पैसे नंतर भरा.

'घरबसल्या ऑनलाइन पीएचडी'वर वेळ घालवू नका. यूजीसीच्या या नियमांत दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएचडीला परवानगीच नाही.

आणि फॉर्म भरण्याआधी गाइडकडे जागा आहे का बघा. प्रोफेसरला एका वेळी 8, असोसिएटला 6, असिस्टंटला 4 विद्यार्थी घेता येतात.