साउंडबॉक्स: जुना उघडायचा की नवा घ्यायचा?

चावीचा ग्रामोफोन नीट फिरतोय, पण गायक तार सप्तकात गेला की आवाज फाटतो, असं होत असेल तर आधी पिन बदला. स्टीलची पिन एका बाजूपुरतीच, हा नियम आजही तोच आहे. तरीही आवाज चिरकत असेल तर साउंडबॉक्स, म्हणजे पिन जिच्यात बसते आणि जिच्यातला पातळ पडदा थरथरून आवाज काढतो ती गोल डबी, काढून हातात घ्या आणि पिनेला बोटाने हलकेच टिचकी मारा. भरीव ‘ठप्प’ आलं तर ठीक. पत्र्यासारखी थरथर ऐकू आली तर आतली रबरं गेली आहेत किंवा पडदा सैल झाला आहे.

आता पुढे तीन वाटा: आहे तो दुरुस्त करणं, त्याच जातीचा दुसरा जुना शोधणं, किंवा बाजारातला नवा बसवणं. मी पहिल्या वाटेचा. पण आधी धातू बघायचा. मागच्या कडेला जिथे मुलामा उडालाय तिथे पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी दिसलं तर जस्ताचं ओतीव.

पितळी असेल, उदाहरणार्थ ‘एक्झिबिशन’ नावाचा जुना साउंडबॉक्स, तर फार विचार करू नका. त्याचा पडदा अभ्रकाचा. शंभर वर्षांत अभ्रकाचं सहसा काही बिघडत नाही, बिघडतं ते दोन्ही बाजूंचं रबर. ते दगडासारखं कडक होतं, पडदा मोकळा हलेनासा होतो आणि शंभर ग्रॅमहून जास्त वजनाची ही ताठर वस्तू तबकडीची खाच खात राहते. म्हणजे दुरुस्ती टाळण्याची किंमत तबकडीही मोजते. नव्या रबरासाठी मऊ, बारीक सिलिकॉन नळी घ्यावी. सायकलची व्हॉल्व्ह ट्यूबही चालवतात, पण तिचा ताठपणा मला जास्त वाटतो. तोंडाला तोंड अचूक भिडेल अशी कापायची, फट नको आणि एकावर एक चढायलाही नको.

खरी जोखीम मधल्या स्क्रूची. सुईचा, म्हणजे पिनेचा, दांडा अभ्रकाला धरून ठेवणारा हा इवलासा स्क्रू गंजलेला असतो. जोर केलात की अभ्रक तडकतं. तेलाचा एक थेंब टाकून रात्रभर थांबा. परत जोडताना दांडा पडद्याला नुसता टेकला पाहिजे, त्याने पडदा ढकलता किंवा ओढता कामा नये. मग स्क्रूभोवती मधमाशीच्या मेणाचा ठिपका, हवा गळू नये म्हणून. अभ्रकच फुटलं असेल तर इस्त्रीच्या एलिमेंटमधलं कापून बसवणारे भेटतील. ते बहुतेक जाड असतं, आवाज बसतो.

राखाडी निघाला तर गणित बदलतं. १९३१ साली आलेल्या एचएमव्ही १०२ या पेटीवर पुढे ५ए आणि ५बी साउंडबॉक्स दिसतात. त्यातले बरेचसे ओतीव आणि पडदा अ‍ॅल्युमिनियमचा. जस्तात अशुद्धी असेल तर धातू आतून फुगतो, भेगा पडतात आणि स्क्रू फिरवताच खारी बिस्किटासारखा भुगा हातात येतो. भेग दिसत असेल तर उघडूच नका. दुसरा जुना शोधा. भेग नसेल तर जाणकाराकडे द्या. अ‍ॅल्युमिनियमचा पडदा एकदा चेपला की पूर्वीसारखा होत नाही.

दुसरा शोधताना तुमच्याकडे तबकड्या कोणत्या आहेत तेही बघा. विद्युत ध्वनिमुद्रण, म्हणजे मायक्रोफोनसमोर गाऊन केलेलं, १९२५ च्या सुमारास आलं. केशवराव भोसले १९२१ साली गेले, म्हणजे त्यांच्या सगळ्या तबकड्या त्याआधीच्या, कर्ण्यात गाऊन केलेल्या; त्यांना अभ्रकच शोभतं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९०५ च्या तबकड्यांचंही तेच. १९३० च्या दशकातल्या त्यांच्या तबकड्या मात्र अ‍ॅल्युमिनियमवर जास्त खुलतात, खालचे स्वर भरून येतात. भोकाचा व्यास आणि अडकवायची पद्धत मात्र जुळलीच पाहिजे, त्यासाठी टोनआर्म, म्हणजे साउंडबॉक्स ज्याच्या टोकाला बसतो ती नळी, मोजून घेऊनच बाजारात जा. मुंबईच्या चोरबाजारात चकचकीत पितळी कर्ण्याच्या नव्या पेट्यांमध्येच एखादा खरा साउंडबॉक्स पडलेला असतो, तो मागायला लाज वाटू देऊ नका.

राहिला नवा. स्वस्त, लगेच मिळणारा, चमकणारा. पण जे माझ्या हाती आले त्यांतल्या बहुतेकांचा पडदा जाड होता आणि सुईचा दांडा खुंटीत अडकल्यासारखा. दिवाणखान्यात पेटी मांडायची, पाहुण्यांना एखादी फुटकळ तबकडी ऐकवायची, एवढंच असेल तर खुशाल घ्या. बालगंधर्वांची तबकडी त्याखाली ठेवू नका.

दुरुस्ती बाहेर करून घेणार असाल तर कारागिराला एकच विचारा: रबर कोणतं घालणार? ‘रबर ठीक आहे, नुसता स्क्रू आवळतो’ असं उत्तर आलं तर साउंडबॉक्स खिशात घालून परत या.