मँक्स ग्रां प्री : जुन्या मोटारसायकलींची शर्यत, प्रेक्षकाच्या बाजूने

आइल ऑफ मॅन या आयरिश समुद्रातील छोट्या बेटाचे नाव काढले की मोटारसायकलप्रेमींना मे-जूनमधली टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) ही शर्यत आठवते. पण जुन्या गाड्यांवर ज्याचा जीव आहे आणि ज्याला एकाच वारीचा खर्च परवडणार आहे, त्याने ऑगस्टच्या उत्तरार्धात होणारी मँक्स ग्रां प्री निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत पदरचे पैसे खर्चून तिथे जाणाऱ्या प्रेक्षकाचे आहे. त्यामुळे कोण जिंकले यापेक्षा कुठे बसावे, काय दिसते, कोणती गैरसोय सोसावी लागते आणि खर्च वसूल होतो का, याला पुढील मजकुरात अधिक जागा दिली आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९२३ मध्ये हौशी स्वारांसाठी सुरू झालेल्या या शर्यतीला १९३० पासून आजचे नाव मिळाले. जेफ ड्यूक यांनी १९४९ मध्ये आणि फिल रीड यांनी १९६० मध्ये इथली ५०० सीसी गाड्यांची, म्हणजे ‘सीनियर’, शर्यत जिंकली आणि पुढे दोघेही जगज्जेते झाले. जुन्या गाड्यांचा स्वतंत्र वर्ग १९८३ मध्ये आला. मधली काही वर्षे, २०१३ ते २०१९, या गाड्या ‘क्लासिक टीटी’ या झगमगत्या नावाखाली धावल्या, मोठमोठे व्यावसायिक स्वार त्यांवर बसले, आणि २०२२ पासून हे सारे पुन्हा मँक्स ग्रां प्रीच्या छत्राखाली आले. माझ्या मते ते योग्यच झाले, कारण या गाड्यांचे खरे पालक हौशी लोकच आहेत.

शर्यतीचा मार्ग म्हणजे एरवी लोकांच्या वापरातला रस्ता. डग्लस या राजधानीतून निघून, गावांमधून, दगडी कुंपणांना आणि घरांच्या फाटकांना जवळजवळ खेटून, रॅमसीपर्यंत जाऊन, मग स्नेफेल डोंगराच्या अंगाने चढून परत डग्लसला येणारी ही फेरी ३७.७३ मैलांची, म्हणजे सुमारे ६०.७ किलोमीटरची आहे. तिच्यात दोनशेहून अधिक वळणे आहेत आणि सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ४२२ मीटरवर आहे. सकाळी जिथून शाळेची बस जाते तिथूनच दुपारी सहा दशकांपूर्वीची मॅचलेस मोटारसायकल पूर्ण वेगाने जाते, हे ठाऊक असूनही प्रत्यक्ष पाहताना पटायला वेळ लागतो.

नवख्या प्रेक्षकाची पहिली निराशा इथेच होते, म्हणून ती आधीच सांगून ठेवतो. इथे सगळे स्वार एकदम सुटत नाहीत. ठरावीक सेकंदांच्या अंतराने त्यांना सोडले जाते आणि शर्यत घड्याळाशी असते. तुमच्यासमोरून पहिला गेलेला माणूस प्रत्यक्षात चौथा असू शकतो. शिवाय जुन्या ५०० सीसी गाडीची चांगली फेरीही वीस-एकवीस मिनिटांची होत असल्याने एकदा गेलेला स्वार पुन्हा दिसायला तेवढाच काळ जातो. या मधल्या वेळात प्रेक्षकाला धरून ठेवते ते मँक्स रेडिओचे धावते समालोचन. आपल्याकडे एकेकाळी कसोटी सामन्याच्या दिवशी ट्रान्झिस्टरभोवती जशी माणसे जमत, तशी इथे कुंपणालगत अनोळखी माणसे एका रेडिओभोवती जमतात, आणि मार्गावरच्या ग्लेन हेलन या ठिकाणी कोण किती सेकंदांनी पुढे आहे यावर गंभीरपणे मान डोलावतात. मोबाइलच्या भरवशावर राहू नका. छोटा रेडिओ आणि कानात घालायची वायर सोबत असू द्या. हे साधन नसेल तर शर्यत पाहिली असे म्हणता येईल, समजली असे म्हणता येणार नाही.

आता जागा. प्रारंभरेषेसमोरच्या ग्रँडस्टँडमध्ये पैसे देऊन बसता येते आणि तिथून पिटमधली इंधन भरण्याची धांदल व्यवस्थित दिसते; मात्र गाड्यांचा खरा कस तिथे दिसत नाही. मार्गावरच्या बहुतेक जागा फुकट आहेत. काही ठिकाणी चर्चची मंडळी खुर्च्या मांडून थोडे पैसे घेतात आणि सोबत चहा-केक विकतात. ब्रॅडन पुलाजवळची अशी सोय मला उत्तम वाटली. ब्रे हिलचा उतार छातीत धडकी भरवणारा आहे, पण तिथे गाडी दिसते न दिसते तोच नाहीशी होते. क्रेग-नी-बा या वळणावर डोंगरावरून खाली येणारी गाडी दुरूनच दिसू लागते, तिचा ब्रेक, तिचा खाली टाकलेला प्रत्येक गिअर ऐकू येतो आणि मागे खाण्यापिण्याची जागाही आहे. प्रथमच जाणाऱ्याने तिथे जावे.

माझी स्वतःची पसंती मात्र बॅलॉ पुलाला. गावातला हा छोटा, कमानदार पूल असा आहे की त्यावरून जाताना गाडीची दोन्ही चाके जमिनीवरून सुटतात. आधुनिक सुपरबाइकचे सस्पेन्शन तो धक्का सहज गिळते. जुन्या गाडीच्या बाबतीत मात्र स्वाराला सगळे काम स्वतः करावे लागते. तो पुलाआधी भरपूर वेग कमी करतो, पायांवर उभा राहतो, वजन मागे नेतो आणि मागचे चाक आधी टेकेल अशी गाडी उतरवतो. हवेत असताना थ्रॉटल उघडे राहिले तर मोकळे सुटलेले चाक भन्नाट फिरते आणि जमिनीला टेकताच सगळा हिसका चेनवर येतो. त्यामुळे अनुभवी स्वाराचा आवाज पुलावर क्षणभर पडतो आणि उतरल्यावर पुन्हा चढतो, तर नवख्याचा तसाच किंचाळत राहतो. पहिल्यांदा भाग घेणाऱ्यांना नारिंगी जाकीट घालावे लागते, परंतु अर्ध्या तासात तुम्हाला ते जाकीट न पाहताही, केवळ कानाने, नवखा कोण ते ओळखता येते. एवढे शिक्षण फुकटात दुसरीकडे कुठे मिळत असेल असे मला वाटत नाही.

तरीही या सोहळ्यातला सर्वांत मोलाचा भाग कोणता असे विचारले तर मी पॅडॉक म्हणेन. ग्रँडस्टँडच्या मागे तंबू, व्हॅन आणि घरगुती ट्रेलर यांची वस्ती उभी राहते आणि तिच्यातून कुणालाही हिंडता येते. सरावाच्या दिवशी, गाड्या परत आल्यानंतरच्या तासात, तिथे जावे. एका तंबूत पन्नाशी ओलांडलेला स्वार अजून चामड्याच्या पोशाखातच स्टुलावर बसला होता आणि त्याच्या सोबतच्या माणसाने मँक्स नॉर्टन या जुन्या रेसिंग गाडीचा स्पार्क प्लग काढून भिंगाखाली धरला होता. पांढुरका रंग म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, पिस्टनला भोक पडण्याचा धोका. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, वेग कमी. हवा असतो तो फिकट तपकिरी रंग. अडचण अशी की सल्बीच्या लांब सरळ रस्त्यावर, समुद्रसपाटीजवळ, इंजिन बराच वेळ पूर्ण उघडे असते आणि डोंगरावर हवा विरळ होते. कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे एकच छिद्र, म्हणजे जेट, दोन्हीकडे बिनचूक असू शकत नाही. त्यांनी बरीच कुजबुज करून मोठे जेट घातले, म्हणजे डोंगरावर थोडा वेग सोडला आणि इंजिन वाचवले. हे सगळे मी हातभर अंतरावरून पाहिले, आणि विचारलेल्या प्रश्नांना न वैतागता उत्तरे मिळाली. त्या भागात एरंडेलावर बनवलेल्या रेसिंग ऑइलचा जळका, गोडसर वास भरून राहिलेला असतो. लहानपणी एरंडेल प्यायला लागलेल्या माझ्या पिढीला तो वास हवाहवासा वाटावा, ही गंमतच आहे.

गाड्यांबद्दल एक आक्षेप आधी मनात होता आणि तो पूर्णपणे गेलेला नाही. ५०० सीसीच्या मुख्य जुन्या वर्गात १९७२ पर्यंतच्या बनावटीच्या गाड्या चालतात, पण त्यांतल्या अनेक त्या काळात बनलेल्या नसून जुन्या आराखड्यावर अलीकडे घडवलेल्या प्रतिकृती आहेत. मूळ मँक्स नॉर्टन, तिची १९५० मध्ये आलेली फेदरबेड चौकट, तिचे दोन कॅमशाफ्टचे एक सिलिंडरी इंजिन, हे आता इतके दुर्मिळ आणि महाग आहे की ते दगडी भिंतींमधून पळवायला मालकाचा हात धजावत नाही. शिवाय नव्या धातूंमुळे प्रतिकृती मूळ गाडीपेक्षा वेगवान असते. या मार्गावर ताशी १०० मैलांची पहिली फेरी बॉब मॅकिंटायर यांनी १९५७ मध्ये चार सिलिंडरच्या जिलेरावर मारली. आज या जुन्या वर्गातले आघाडीचे स्वार एक किंवा दोन सिलिंडरवर ११० मैलांच्या पुढे जातात. इतिहास म्हणून हे खटकते. पण पाहण्याचा अनुभव म्हणून नाही, कारण प्रतिकृतीचा आवाज, कंप आणि खोड्या मूळ गाडीच्याच आहेत, आणि संग्रहालयात उभ्या असलेल्या अस्सल गाडीपेक्षा धावणारी नक्कल मला अधिक काही सांगून जाते. पॅटन या इटालियन मोटारसायकलचे उदाहरण घ्या : आदल्या वर्षी गंभीर जखमी झालेल्या जॉन मॅकगिनेस यांनी २०१८ मध्ये तिच्यावरच सीनियर क्लासिक जिंकली आणि २०१६ मध्ये मारिया कॉस्टेलो तिच्यावरच तिसऱ्या आल्या.

भारतीय प्रेक्षकाला इथे आणखी एक गोष्ट जाणवल्याशिवाय राहत नाही. या गाड्यांच्या पेट्रोलच्या टाक्यांवरच्या इंग्रजी नावांपैकी नॉर्टन २०२० पासून चेन्नईच्या टीव्हीएसकडे आहे, बीएसए २०१६ मध्ये महिंद्रा समूहाकडे आली, आणि रॉयल एनफिल्डबद्दल वेगळे सांगायला नकोच. पॅडॉकमध्ये माझा चेहरा पाहून बुलेटविषयी विचारणारे बरेच भेटले. त्यांना येझदीची गोष्ट सांगितली की गप्पा लांबतात.

धोक्याबद्दल न लिहिता हा अभिप्राय देणे अप्रामाणिक ठरेल. १९११ पासून या मार्गावर टीटी आणि मँक्स ग्रां प्री मिळून अडीचशेहून अधिक स्वारांनी प्राण गमावले आहेत. १९७२ मध्ये इथे स्वार जिल्बेर्तो पार्लोती यांच्या मृत्यूनंतर इटालियन जगज्जेते जाकोमो आगोस्तिनी यांनी येणे थांबवले आणि १९७६ नंतर टीटीचा जागतिक अजिंक्यपदातला दर्जा गेला. जुन्या गाड्या हळू म्हणून कमी धोक्याच्या, हा समज चुकीचा आहे. भिंत तीच आहे आणि ब्रेक मात्र ड्रमचे. सत्र थांबल्याची लाल निशाणी दिसते, रेडिओवरचा आवाज बदलतो, त्यानंतरचा वेळ फार जड जातो. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी जाऊ नये, आणि लहान मुलांना नेण्याआधी दोनदा विचार करावा.

व्यवस्थेला मी चांगले गुण देईन. मार्गावर शेकडो स्वयंसेवक मार्शल असतात आणि ते पुरेसे जमल्याशिवाय सत्र सुरूच होत नाही. मनाई केलेल्या जागेत उभे राहिलात तर ते नम्रपणे, पण वाद न घालता, हलवतात. रस्ता बंद झाला की तो ओलांडता येत नाही, म्हणजे निवडलेल्या जागी काही तास अडकून पडायचे आहे हे धरूनच पाणी, खाणे आणि रेनकोट घेऊन बसावे. हवामानाचा मात्र काही भरवसा नाही. खाली डग्लसला ऊन असते आणि डोंगर धुक्यात बुडालेला असतो. बचावाचे हेलिकॉप्टर उडू शकत नसेल तर गाड्याही सुटत नाहीत, वेळापत्रक तासातासाने सरकते, कधी पूर्ण दिवस वाया जातो. त्यामुळे केवळ एका शर्यतीच्या दिवसासाठी जाणे हा जुगार आहे. सरावाच्या संध्याकाळी धरून निदान चार-पाच दिवस हाताशी ठेवावेत. कोरड्या पण रिकाम्या दिवशी विजेच्या ट्रामने डोंगरावरच्या ‘बंगलो’ या थांब्यापर्यंत जाऊन टीटीचे नामांकित स्वार जोई डनलॉप यांचा पुतळा पाहता येतो, आणि पावसाळी दिवशी जर्बीचे मोटार संग्रहालय आहे.

जेवणाचे हाल होतात असे म्हणणार नाही, पण शाकाहारी माणसाला चिप्स, चीज आणि ग्रेव्ही या स्थानिक आवडत्या पदार्थाचा लवकरच कंटाळा येतो, आणि ग्रेव्ही शाकाहारी आहे का हे दर वेळी विचारून घ्यावे लागते. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ आहे. पील गावचे धुरावलेले किपर आणि क्वीनी नावाचे छोटे शिंपले चुकवू नयेत. राहण्याच्या बाबतीत माझा अनुभव कडवट होता : डग्लसमधल्या एका निवासात समुद्राकडची खोली सांगून मागच्या गल्लीतली दिली आणि गरम पाणी सकाळी आठनंतर संपत असे. स्थानिक कुटुंबांच्या घरी उतरण्याची सोय या काळात असते, तिची चौकशी आधी करावी.

इंग्लंडच्या वायव्य भागात राहणाऱ्या मराठी मंडळींना हेशम बंदरातून जाणारी मोठी बोट सर्वांत सोयीची; पावणेचार तास लागतात आणि आपली मोटारसायकल सोबत नेता येते. भारतातून येणाऱ्यांना ब्रिटनचा पर्यटक व्हिसा या बेटासाठीही चालतो. टीटीच्या काळात बोटीवरची जागा कित्येक महिने आधी संपते, तेवढी घाई इथे नसते, पण परतीचे तिकीट शेवटच्या शर्यतीच्या दुसऱ्या दिवसाचे न काढता त्याच्याही पुढच्या दिवसाचे काढावे, कारण पावसामुळे शर्यत एक दिवस पुढे गेली तर ती न पाहताच बोट पकडावी लागेल.