६० मीटर फायबर एचडीएमआय: केबल झकास, पिनेनं घात केला

काल्याच्या कीर्तनात ऐन हंडी फोडायच्या वेळी एलईडी वॉल काळी पडली, म्हणून हे लिहितोय. नाहीतर दिवाळीनंतर घेतलेल्या या केबलबद्दल माझ्याकडं फक्त कौतुकच होतं.

आमचं काम परभणी, सेलू, जिंतूर पट्ट्यात. लग्नं, हरिनाम सप्ताह, मधूनच एखादी सभा. कॅमेरा महाराजांसमोर, कॅमेऱ्याचं चित्र घेऊन वॉलवर सोडणारा व्हिडिओ मिक्सर मंडपाच्या पार दुसऱ्या टोकाला. टीव्हीला लावतो ती साधी तांब्याची एचडीएमआय केबल फुल एचडीला दहा-पंधरा मीटर साथ देते, पुढं ठिपके नाचतात, मग चित्रच जातं. फायबर केबल तेच चित्र प्रकाश करून काचेच्या तंतूतून नेते, तिनं ते दुखणं संपवलं. सुतळीएवढी बारीक वायर, चित्र वाहून नेण्याचा वेग पूर्ण १८ जीबीपीएस, सगळी लग्नसराई एकदाही लुकलुकली नाही. मिक्सर गावच्या लाइनवर आणि कॅमेरा जनरेटरवर असला की चित्रात सरकणारे पट्टे यायचे, तेही बरेच कमी झाले. पूर्ण गेले नाहीत, कारण चित्र काचेतून जात असलं तरी पाच व्होल्ट आणि दोन्ही यंत्रांची आपसातली बोलणी आतल्या तांब्यावरूनच चालतात.

पण पिन! एचडीएमआयच्या पिनेला लॉक नाही. मंडपात पोरं पळतात, वाढपी बादल्या घेऊन पळतात, कुणाचा तरी पाय वायरीत अडकतोच. साध्या केबलची पिन मोडली तर शे-दोनशेचं नुकसान. इथं प्रकाशाचा सिग्नल करणारी चिप पिनेतच बसवलेली असते, म्हणजे पिन गेली की ६० मीटर केबल गेली. कापून जोडायची सोय नाही.

दुकानदाराचं उत्तर तयार होतं. "दादा, फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही."
"बरं, पैसे घ्या अन् नवी पिन बसवून द्या."
"तशी पिन मिळत नसते."
मग दोन वर्षांची वॉरंटी कशाची, खोक्याची?

कॅट-६ एक्स्टेंडरला, म्हणजे नेटच्या वायरीवरून एचडीएमआय लांब नेणाऱ्या डब्याला, मी आजवर नावंच ठेवत आलो. एप्रिलमधल्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्या डब्याला हात लावता येत नाही आणि चित्र येतं-जातं. शिवाय बाजारात कॅट-६ म्हणून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर सर्रास खपवतात. पण आता वाटतं, त्याची आरजे-४५ पिन (नेटच्या वायरीची असते ती) तुटली तर चहाच्या पैशात जागेवर नवी बसते. याला किंमत आहे.

म्हणून सप्ताहासाठी आता एसडीआय, म्हणजे टीव्ही स्टुडिओत वापरतात ती एका वायरीवरून चित्र नेण्याची पद्धत. चांगल्या आरजी-६ वायरवर (डिशच्या वायरीसारखी) ३जी-एसडीआय फुल एचडी सत्तर-ऐंशी मीटर नेते. तिची गोल बीएनसी पिन फिरवून बसते, ओढली तरी निघत नाही, आणि तुटलीच तर क्रिंपिंग टूलनं पाच मिनिटांत दुसरी. बीएनसी ७५ ओहमचीच मागा. कॅमेऱ्याला एसडीआय नसेल तर एचडीएमआयचं एसडीआय करणारा कन्व्हर्टर लागतो, त्याचा ॲडॉप्टर सांभाळायचं एक वेगळं लचांड, पण चालतं.

कुणी म्हणेल, एसडीआयवर फोर-के जात नाही. १२जी-एसडीआयवर जातं, अंतर कमी मिळतं. पण दाखवायचं कशावर? पी३.९१ च्या, म्हणजे दोन दिव्यांत ३.९१ मिलिमीटर अंतर असलेल्या, अर्धा मीटरच्या पॅनेलवर १२८ बाय १२८ पिक्सेल असतात. आठ बाय पाच पॅनेलची, म्हणजे ४ मीटर रुंद वॉल धरली तरी होतात १०२४ बाय ६४०. १९२० बाय १०८० ची फुल एचडीसुद्धा त्यात मावत नाही, आणि पार्टी विचारते, "फोर-के आहे ना?" आहे म्हणायचं.

फायबर वाईट नाही. मंगल कार्यालयात प्रोजेक्टर कायमचा बसवायचा असेल, कुणाचा हात लागणार नसेल, तर मी तीच सांगेन. फक्त ती एकाच दिशेनं चालते. पाइपात ओढायच्या आधी 'सोर्स' आणि 'डिस्प्ले' लिहिलेली टोकं बघा, दोन्हीकडं यंत्रं जोडून चित्र आणून बघा, आणि ओढताना पिनेला धरून ओढू नका.