एमएसडब्ल्यू की आशाताईंचं प्रशिक्षण?

"मावशी, वस्तीत काम करायचंय, पण शिकू काय?" पर्वतीला राहणारी भाची बीए झाल्यापासून विचारतेय.

एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. पुण्यातल्या कर्वे समाज सेवा संस्थेसारख्या ठिकाणी ती २ वर्षांची. पदवी कुठल्याही शाखेची चालते. वर्गाइतकंच क्षेत्रकार्य महत्त्वाचं: घरभेटी, अहवाल, मार्गदर्शकांचे प्रश्न. पुढे रुग्णालयात किंवा संस्थेत पगारी नोकरी मिळू शकते.

आशाताई म्हणजे वस्तीतल्या सरकारी आरोग्य स्वयंसेविका. त्यांचं प्रशिक्षण थोड्या दिवसांचं, टप्प्याटप्प्याने. खरं शिक्षण गल्लीतच. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी ३ऱ्या, ७व्या, १४व्या, २१व्या, २८व्या आणि ४२व्या दिवशी जायचं. बाळाला झोळीत ठेवून वजनकाट्याला लावायचं, ताप बघायचा, आई अंगावर नीट पाजतेय ना ते पाहायचं. सासूबाई शेजारीच बसलेल्या असतात. त्यांना न दुखावता "घुटी नको" सांगणं कुठल्या वर्गात शिकवणार? पण इथे नोकरीसारखा पगार नाही, मिळतं ते मानधन आणि कामागणिक मोबदला. ते अपुरं आहे, हे मला फार खटकतं.

भाचीला मी एमएसडब्ल्यूच सुचवलं. मात्र फॉर्म भरण्याआधी महिनाभर शेजारच्या आशाताईंबरोबर फिर, म्हटलं. सोमवारपासून जातेय.