ट्रॅव्हलच्या नावाखाली विकलेली उंची

वाळवंटात चालवण्यासाठी जुन्या पिकअपचे पुढचे सस्पेन्शन बदलून घेताना मी फसलो, आणि ते लक्षात यायला मला चार महिने लागले. माझे अज्ञान हे त्याचे एक कारण. दुसरे असे की, त्या गॅरेजवाल्याने मला दाखवलेली प्रत्येक गोष्ट अर्धी खरी होती.

गाडी तीसेक वर्षे जुनी, फोर-व्हील-ड्राइव्ह, आणि पुढे कॉइल स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार असलेली. चासीला समांतर बसवलेली ही पोलादी सळई चाक वर गेले की पिळली जाते आणि पीळ सुटताना चाकाला पुन्हा खाली ढकलते. वाळूत एकामागून एक येणाऱ्या उंचवट्यांवर अशा गाडीचे चाक जितके जास्त वर-खाली होईल तितकी ती शांत चालते, म्हणून मला ट्रॅव्हल, म्हणजे चाकाच्या वर-खाली होण्याचे एकूण अंतर, वाढवून हवा होता. त्याने 12 इंचांचे आश्वासन दिले: 24 मिलिमीटरऐवजी 26 मिलिमीटरचे टॉर्शन बार, क्रोमोली या मिश्र पोलादाच्या नळीचे वरचे कंट्रोल आर्म (चाकाला चासीशी जोडणारे दांडे) आणि बाहेर वेगळी टाकी असलेले शॉक ॲब्सॉर्बर. खालचे आर्म आणि पुढच्या चाकांना इंजिनची ताकद पोचवणारे ड्राइव्ह शाफ्ट मूळचेच राहतील, असेही तो म्हणाला, आणि हे ऐकताच मी तिथून उठायला हवे होते. ट्रॅव्हल ठरतो तो आर्मची लांबी, आर्मच्या टोकाच्या बॉल जॉइंटचा कोन आणि शाफ्टच्या सीव्ही जॉइंटला (तिरप्या शाफ्टलाही फिरू देणाऱ्या सांध्याला) सोसणारा कोन यांवरून. खालचा आर्म आणि शाफ्ट तेच ठेवून मूळ ट्रॅव्हलमध्ये चार-पाच इंचांची भर पडणे शक्यच नसते.

गाडी ताब्यात घेतली तेव्हा ती पुढून अडीच इंच उंच झालेली होती. मी खूश झालो, कारण उंची डोळ्यांना दिसते आणि ट्रॅव्हल दिसत नाही. पहिल्याच फेरीत प्रत्येक उंचवटा ओलांडताना पुढून ‘धाड’ असा आवाज येऊ लागला. तक्रार केली तर उत्तर मिळाले, ‘‘साहेब, बार जाड आहेत, थोडा कडकपणा राहणारच. चालवा, सेट होईल.’’ हे मला पटले, कारण जाडीचा हिशेब मला ठाऊक होता. सळईचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे 24 चे 26 झाले तर तो सुमारे 38 टक्क्यांनी वाढतो. माझ्याच अर्धवट ज्ञानाने त्याची बाजू भक्कम केली.

आवाजाचे खरे कारण वेगळे होते. टॉर्शन बारच्या टोकाशी गाडीची उंची जमवण्याचा एक बोल्ट असतो. तो आवळला की आर्म खाली ढकलला जातो आणि गाडी उचलली जाते, पण चाकाचा एकूण ट्रॅव्हल तसूभरही वाढत नाही. फक्त खाली लोंबण्याचा वाटा कमी होऊन वर जाण्याचा वाढतो. माझ्या गाडीत वरचा आर्म उभ्या गाडीतच खालच्या मर्यादेच्या स्टॉपपासून जेमतेम इंचभर दूर उरला होता, त्यामुळे चाक जरा मोकळे झाले की आर्म त्या स्टॉपवर आदळत असे. ड्राइव्ह शाफ्ट कायम तिरपे राहिल्याने सीव्ही जॉइंटचे रबरी बूट दोन महिन्यांत फाटले, तेही मी वयाच्या खात्यावर टाकले.

चौथ्या महिन्यात डाव्या शॉकचा वरचा ब्रॅकेट चासीपाशी तडकला आणि मी गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. त्याने काही बोलण्याआधी चासी स्टँडवर घेतली, शॉक काढला, टॉर्शन बारचा ताण पूर्ण सोडला आणि चाक आधी खाली लोंबू देऊन, मग जॅकने बंप स्टॉपपर्यंत (चाकाचे वर जाणे थांबवणाऱ्या रबरापर्यंत) उचलून हबच्या मध्यापासूनचे अंतर दोनदा मोजले. फरक साडेसात इंच आला. शॉक परत बसवून मोजल्यावर तो साडेसहा झाला, कारण नवा शॉक पूर्ण दाबल्यावरही इतका लांब राहत होता की बंप स्टॉपच्या आधी तोच तळाला टेकत होता. प्रत्येक दणका रबराऐवजी ब्रॅकेटने झेलला होता.

टॉर्शन बारवरचा काळा रंग त्याने थिनरने पुसला (छिन्नीने खरवडू नये, कारण बारवरच्या ओरखड्यातूनच पुढे तडा जातो), तेव्हा खाली जुन्या गंजाचे खड्डे दिसले आणि व्हर्निअरवर 24 मिलिमीटर आले. बार माझेच होते. शॉकच्या टाकीत ना तरंगता पिस्टन होता, ना नायट्रोजनचा दाब, म्हणजे टाकी नुसती दिखाऊ होती.

आर्मची गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. क्रोमोलीची खात्री करून देण्यासाठी त्या गृहस्थाने माझ्यासमोर नळीला चुंबक चिकटवून दाखवला होता आणि मग ती वजनासाठी माझ्या हातात दिली होती. क्रोमोली हे सुमारे 1 टक्का क्रोमियम आणि थोडे मॉलिब्डेनम असलेले पोलादच आहे. चुंबक त्याला चिकटतो आणि साध्या पोलादालाही चिकटतो. दोन्हींची घनताही जवळपास सारखीच, त्यामुळे समान जाडीच्या नळीचे वजन काहीच सांगत नाही. इतकी निरुपयोगी परीक्षा इतक्या गंभीर चेहऱ्याने करणारा माणूस अजाण असेल, असे मला वाटत नाही. आर्म काढल्यावर त्याचा तुकडा एक्स-रे किरणांच्या उपकरणाने तपासून घेतला, तर क्रोमियम नावापुरतेही नव्हते.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा बिल पुढे करावे लागले आणि बिलावर फक्त ‘लॉन्ग ट्रॅव्हल काम, पूर्ण’ एवढेच होते. बारचा व्यास नाही, शॉकची उघडलेली व मिटलेली लांबी नाही, कामाआधीचे व नंतरचे मोजमाप नाही. काढलेले सुटे भागही मी परत मागितले नव्हते. बार बदललेच नाहीत हे त्याने कबूल केले नाही, ‘‘जुने भंगारात गेले,’’ एवढेच म्हणाला. रंग पुसलेल्या बारचे फोटो दाखवल्यावर त्याने शॉकचे पैसे परत केले. बाकीचे मिळाले नाहीत.

सध्या गाडी मूळ उंचीवर, मूळ प्रकारच्या आर्मवर आणि योग्य लांबीच्या शॉकवर चालते. नव्या बिलावर दोन्ही शॉकची उघडलेली व मिटलेली लांबी लिहून घेतली आहे. ट्रॅव्हल साडेसात इंचच आहे, पण आता तो पूर्ण वापरता येतो आणि वाळूत मी वेग कमी ठेवतो.