जुना लष्करी वनटन: मूळ पेट्रोल बरा की डिझेल बसवलेला?

लष्कराच्या लिलावातून आलेला निसानचा वनटन, म्हणजे एक टनी छोटा ट्रक, घ्यायचा ठरलाय, तर आधी इंजिनाचं बघा. जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत बनलेल्या या गाडीत मुळात ३९५६ सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे. जोंगा या लष्करी जीपमध्येही तेच. विकायला येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत मात्र डिझेल घातलेलं असतं. तेलाचा हिशोब सोपा: माझा पेट्रोलवाला लिटरला ४ किलोमीटर देतो, मित्राचा टाटा ४०७ चं इंजिन बसवलेला ८. रस्त्यात बंद पडल्यावर काय होतं, ते विकणारा सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

पेट्रोल जास्त वेळा बंद पडतं. मे महिन्यात आंबा घाट चढताना माझं इंजिन दोन आचके देऊन गप्प झालं. फ्युएल पंपाला बोट लावलं तर चटका बसला. आत पेट्रोलची वाफ झालेली, पंप नुसती वाफच ढकलत होता. बॉनेट उघडलं, गोणपाट भिजवून पंपावर गुंडाळलं, बाटलीतलं पाणी थेंब थेंब सोडलं. वीस मिनिटांनी गाडी चालू, खर्च एक बाटली पाणी. मिसिंग मारायला, म्हणजे इंजिन अडखळायला लागलं तर बहुतेक वेळा डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट (प्लगच्या ठिणगीची वेळ साधणारे संपर्क) जळलेले असतात. ते बारीक पॉलिश पेपरने घासायचे आणि गॅप लावायची. गॅप मोजायचा फिलर गेज घरी राहिला तर व्हिजिटिंग कार्ड दुमडून काम भागतं. कंडेन्सर मात्र दोन जवळ ठेवा, तो गेल्यावर युक्ती चालत नाही.

डिझेलला ना पॉइंट, ना कॉइल. एकदा चालू झालं की बॅटरी मेली तरी चालत राहतं. टाकी रिकामी होऊन एअर घेतली, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली तर फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा आणि फीड पंपाचा हातपंप दाबत राहायचं. आधी फेस येतो. तेल सलग आलं की स्क्रू आवळायचा. ४०७ चा फिल्टर आणि बेल्ट तालुक्याच्या गावीही मिळतो, मिस्त्रीही मिळतो. निसानच्या इंजिनाचं सामान तसं मिळत नाही, घरून न्यावं लागतं.

इथवर डिझेलच सरस वाटेल. पण त्या गाडीत सांधा असतो. टाटाचं इंजिन निसानच्या गिअरबॉक्सला जोडायला मधली प्लेट कुणीतरी लेथवर करून घेतलेली असते. मित्राच्या गाडीचं इंजिनाखालचं एक रबरी फाउंडेशन फाटलं, इंजिन हलायला लागलं आणि ती प्लेट बोल्टपाशी तडकली. गॅरेजवाल्याने तुकडा हातात घेऊन फिरवला आणि म्हणाला, "दादा, हा विकत नाय मिळायचा, करावा लागंल." तीन दिवस मुक्काम, वर गाडी उचलायला हायड्रा क्रेनचं भाडं.

स्प्रिंगचे पाटे, ब्रेकचे रबर, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) दोन्हीकडे तेच त्रास देतात. त्यावरून निवड करू नका.

लडाखला जायचं असेल तर गणित बदलतं. मनाली-लेह रस्त्यावरची टांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. कार्बोरेटर पेट्रोल तेवढंच सोडतो, हवा कमी, त्यामुळे प्लग काळे होतात आणि गाडी गुदमरते. कार्बोरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, बदलता येत असेल तरच पेट्रोल न्या. डिझेलचीही ताकद उतरते, काळा धूर येतो, पण प्लगची कटकट नाही. थंडीत डिझेल गोठतं, हे मात्र ध्यानात ठेवा.

कोकण, गोवा, हंपी एवढाच पल्ला असेल आणि हात काळे करायची हौस असेल तर मी पेट्रोलच घेईन. बॉनेट उघडायचा कंटाळा असेल तर डिझेल घ्या. पण आधी आरसी बघा. इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मंजुरी आणि नोंद लागते. इंजिन नंबर जुळत नसेल तर तिथूनच परत फिरा. जुळला तर माल भरून एक घाट चढवा, वर थांबा आणि टॉर्च घेऊन गाडीखाली शिरा. त्या मधल्या प्लेटचे बोल्ट एकेक करून हाताने हलवून बघा.