सात महिन्यांच्या वापरानंतर: घंटा वाजलीच नाही

मंगळवारी घंटा वाजली नाही. ध्यानाच्या अ‍ॅपमध्ये २० मिनिटांचा टायमर लावून बसले होते. आता वाजेल, मग वाजेल, करत शेवटी एक डोळा किलकिला करून पाहिलं, तर ३४ मिनिटं होऊन गेलेली. मनात पहिला विचार आला, १४ मिनिटं फुकट गेली. ध्यानाला बसलेल्या बाईच्या मनात! हा रिव्ह्यू त्या १४ मिनिटांपायी लिहिते आहे, तेव्हा सूर कडवट लागला तर सांभाळून घ्या.

अ‍ॅपमध्ये काय काय आहे ते सांगत बसत नाही. मार्गदर्शनाची सत्रं, बॉडी स्कॅन (पायापासून वर शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष नेत जायचं), झोपेसाठीचे आवाज, साधा टायमर, सलग दिवसांचा आकडा. सगळीकडे हेच असतं. मी वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं, कारण दर महिन्याचं बेरजेत महाग पडत होतं. आणि एकदा पैसे भरले की बसणं आलंच. पहिले दोन महिने मी रोज बसले ते निव्वळ वसुलीसाठी, हे कबूल करते.

सुरुवातीला पाय. दहाव्या मिनिटाला डाव्या पायाला मुंग्या, पंधराव्याला पाय आपला नाहीच. नसेवर दाब आला की असं होतं आणि उठून हालचाल केली की जातं, एवढं कळायला मला तीन आठवडे लागले, कारण अ‍ॅपमधल्या चित्रातली बाई मांडी घालून जन्माला आल्यासारखी बसलेली असते. खुर्चीवर बसलं तरी चालतं, हे सेटिंगमध्ये चार पायऱ्या खाली ‘वारंवार विचारले जाणारे प्रश्न’ यात लिहिलंय. खुर्ची आणली, विषय संपला.

श्वासाचा विषय मात्र संपला नाही. ‘श्वास बदलू नका, फक्त पाहा’ असं अ‍ॅपमधला मऊ आवाज म्हणतो आणि त्याच क्षणी माझा श्वास अवघडून उभा राहतो, फोटो काढताना लहान मूल राहतं तसा. आत घेतलेला सोडायचा कधी हेसुद्धा मलाच ठरवावं लागायचं. दोनदा चक्कर आल्यासारखं झालं. यावर उपाय अ‍ॅपने दिला नाही, माझा मला सापडला: नाकाशी लक्ष न ठेवता पोटावर हात ठेवायचा आणि हात वरखाली होतोय तेवढं बघायचं. नंतर कळलं, ब्रह्मदेशातले बौद्ध भिक्खू महासी सयाडो यांच्या ध्यानपद्धतीत पोटाचं हेच वर येणं आणि खाली जाणं मुख्य धरलंय. म्हणजे मी काही शोध लावला नव्हता, पण निदान सबस्क्रिप्शनबाहेरचं काहीतरी मिळालं.

विचारांचं म्हणाल, तर माझी समजूत अशी की ते थांबले म्हणजे ध्यान लागलं. सहा आठवडे थांबवत बसले. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये लोकांना ‘पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका’ असं सांगून पाहिलं होतं. लोकांच्या डोक्यात अस्वल येतच राहिलं. माझ्याकडे अस्वल नव्हतं, न पाठवलेली ईमेल होती. २०१० मध्ये हार्वर्डच्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २,२५० माणसांना दिवसभरात मधूनच फोनमधल्या अ‍ॅपवर गाठून विचारलं, आत्ता मन हातातल्या कामात आहे की दुसरीकडे? ४६.९ टक्के वेळा उत्तर ‘दुसरीकडे’ आलं. हे वाचून मला हायसं वाटलं. त्यांचं अ‍ॅप वेळेवर वाजत होतं, याचा हेवाही वाटला.

कारण मुद्दा घंटेचा आहे.

कस्टमर केअरला लिहिलं. आपोआप आलेल्या उत्तराचं पहिलं वाक्य होतं, ‘एक दीर्घ श्वास घ्या.’ खरंच. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की फोनचा बॅटरी सेव्हर मागे चालणारी अ‍ॅप बंद करतो, तो काढा. तो मी पहिल्याच आठवड्यात काढला होता, स्क्रीनशॉट पाठवला. मग म्हणाले, अ‍ॅप काढून परत टाका. टाकलं, तर सलग ११२ दिवसांचा आकडा शून्यावर. त्याबद्दल लिहिलं तर ‘प्रवास महत्त्वाचा, आकडा नव्हे’ असं उत्तर. मग आकडा दाखवता कशाला? शेवटचा सल्ला असा की स्क्रीन चालू ठेवूनच बसा. स्क्रीन चालू म्हणजे उलटे पळणारे आकडे समोर. नवशिक्या माणसाला यापेक्षा वाईट सल्ला देता येईल असं वाटत नाही. मी दोन तारे देऊन हा मसुदा बाजूला ठेवला.

आता तीन आठवड्यांनी पुढे लिहिते आहे, आणि वरचा काही भाग मागे घ्यावा लागेल.

घंटेचा भरवसा उरला नाही, तेव्हा बसल्यावर मी काय करते ते मला पहिल्यांदा दिसलं. मी वाट बघते. श्वास बघतानाही, पोटावर हात ठेवूनही, खाली एक कान घंटेकडे लागलेला असतो. अ‍ॅपमध्ये विचाराला नाव द्यायची सोय आहे: नियोजन, आठवण, काळजी, कल्पना. त्यात ‘वाट पाहणं’ नाही. माझ्या बैठकीचा निम्मा भाग त्या यादीत कुठेच बसत नव्हता, म्हणून सहा महिने मला वाटत राहिलं की आज मन बऱ्यापैकी स्थिर होतं. पाली ग्रंथांत ध्यानातले पाच अडथळे सांगितलेत, पंच नीवरण. त्यातलं थीनमिद्ध, म्हणजे सुस्ती आणि पेंग, मला बॉडी स्कॅनमुळे चांगलंच ओळखीचं होतं (डाव्या गुडघ्याच्या पुढे मी एकदाही जागी पोहोचलेली नाही, झोपेसाठी ते सत्र उत्तम, पाच तारे). उद्धच्च म्हणजे चंचलता, अस्वस्थता. माझं वाट बघणं बहुधा त्याच घरातलं. अ‍ॅपने या दोन अडथळ्यांचे ‘कमी ऊर्जा’ आणि ‘व्यग्र मन’ असे दोन वेगळे कोर्स करून विकलेत.

म्हणून आता ‘वाट, वाट’ असं मनात म्हणते. एका बैठकीत वीसेक वेळा तरी. शांत वगैरे वाटत नाही. पण निम्म्या वेळी तरी कान सुटतो.

एक तक्रार खरं तर घंटेपेक्षा मोठी आहे, आणि ती मी शेवटाकडे लिहितेय यावरून माझी किंमत करा. पाचव्या महिन्यात दोन दिवस डोळे मिटले की छाती धडधडायची, सैल व्हायला गेलं की उलट भीती वाटायची. असं काही जणांना होतं, आणि १९८० च्या दशकापासून त्यावर संशोधन झालेलं आहे. तेव्हा डोळे उघडावेत, पायांखालच्या जमिनीकडे लक्ष न्यावं, वेळ कमी करावा, आणि त्रास राहिलाच तर जाणकाराला विचारावं. अ‍ॅपमध्ये याचा एक शब्द नाही. त्या दोन्ही दिवशी मला सूचना आली, ‘आज थोडं जास्त बसून पाहूया?’ जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ध्यानातून ताण कमी करण्याचा जो कार्यक्रम सुरू केला, त्यात घरी ४५ मिनिटं सराव करायला सांगत, पण दर आठवड्याला समोर शिक्षक असे, ज्याला ‘मला भीती वाटली’ असं सांगता येई. मऊ आवाजाला काही सांगता येत नाही.

असो. टायमर आता फोनच्या साध्या घड्याळात लावते आणि फोन पालथा ठेवते. ते फुकट आहे आणि एकदाही चुकलेलं नाही. ऑटो रिन्यूअल बंद करायचं बटण सापडायला ११ मिनिटं लागली, तेही बंद केलं. पैसे भरलेत तोवर गुडघ्यापर्यंतचं बॉडी स्कॅन वापरत राहीन. तारे दोनाचे तीन करते.

परवा अपडेट आलं. ‘घंटेची अडचण दूर केली’ असं त्यात लिहिलं होतं, म्हणून एकदा अ‍ॅपचा टायमर लावून पाहिला. आता घंटा दोनदा वाजते. पहिली वेळेवर, दुसरी साधारण अर्ध्या मिनिटाने, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. पहिली वाजून गेल्यावर मी तशीच बसून राहिले. यावर तक्रार अजून पाठवलेली नाही.